मालकांच्या ओळखीचा समुद्र

मालकांचा आवाज काढायचा असेल तर आधी एका गालात सुपारी आहे असं समजायचं. सुपारी ठेवायची नाय, निस्तं समजायचं. मग आवाज छातीतून उचलायचा, नाकात नेऊन एक चक्कर मारायची आणि शेवटचं अक्षर गिळून टाकायचं. "ए कोकरांनोऽऽ, चपला का..." झालं. 'ढा' पोटात.

हा आवाज मी सातवीत बसवला. पुढं कॉलेजच्या गॅदरिंगला पुढाऱ्यांचे काढले, मास्तरांचे काढले, एसटीच्या कंडक्टरचा तर तिकिटाच्या टिकटिकीसकट काढला. टाळ्या पडल्या. पण मालकांचा काढला की समोरचे गप होतात आणि विचारतात, "हा कोण रे?" मग मला बसून हे सगळं सांगावं लागतं.

मालक म्हणजे आमचे घरमालक. वाळूजचे. आम्ही मूळ गंगापूरकडचे. पप्पांना कंपनीत काम लागलं आणि मालकांच्या रूमांच्या रांगेत आम्ही एक रूम घेतली. मालकांचं वावर एमआयडीसीत गेलं होतं. 'गेलं' असं म्हणलेलं मात्र त्यांना चालायचं नाय. "वावर माझंच हाय, निस्तं पीक बदललंय," म्हणायचे. कुणी कंपनीचा पत्ता विचारला तर सांगायचे, "सरळ जा. माझी बाजरी होती तिथं पेंट शॉप लागंल. तिथून डाव्या हाताला वळा, हरभऱ्यात दोन नंबरचं गेट हाय." नवा माणूस बिचारा हरभरा हुडकत अख्खी एमआयडीसी पालथी घालायचा.

अंगात पांढरा सदरा, खाली धोतर आणि डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. ते कुठून आलं हे कुणाला ठावं नाय. "माझ्या वावरात क्रेन फिरती," ते म्हणायचे. "डोक्यात काय पडंल सांगता येतं का?" लग्नालाबी तेच घालून जायचे. मंगलाष्टक संपलं की मांडवात सगळीकडं अक्षता सर्रकन पडायच्या, एका कोपऱ्यात मात्र टकटक टकटक वाजायचं. आम्ही लेकरं त्या आवाजावर जायचो. मालक जिथं, तिथं जिलेबी.

तर आमच्या रांगेची अडचण अशी होती की निम्मे बाप थर्ड शिफ्टला. बाप सकाळी घरी येणार, चहा-पोळी खाऊन पडणार ते दुपार कलंडेपर्यंत झोपणार. वर पत्रा, भिंती विटेच्या पण एकाच विटेच्या. शाळा चालू असली की ठीक. मे महिना लागला की लेकरं घरात आणि बापबी घरात. एक चेंडू दारावर आपटला की पाच रूमांतून पाच शिव्या यायच्या. माझे पप्पा झोपेत शिवी द्यायचे आणि उठल्यावर म्हणायचे, "मी कुठं काय म्हणलो?"

यावर इलाज मालकांनी काढला. मालकांचं घराणं मेंढरांचं. ल्हानपणी ते स्वतः काठी घेऊन मेंढरामागं हिंडलेले. एक दिवस सकाळी रांगेसमोर येऊन उभे राहिले, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि बायांना म्हणले, "लेकरं सोडा. चारून आणतो."

माझी आई म्हणली, "आवं मालक, लेकरं हायत ती."

"लेकरू काय आन कोकरू काय. दोन्हीला दुपारपस्तोर हिंडवलं की रातच्याला गप पडतंय."

आणि खरंच आम्हाला चारायला न्यायला लागले. आम्ही पुढं, मालक मागं. ते कधीच पुढं चालले नायत. "पुढं चालणाऱ्याला काय दिसतंय? वाट. मागं चालणाऱ्याला कळप दिसतो." आणि मोजायचे नायत. आई विचारायची, "किती नेले, किती आणले, मोजले का?" तर मालक कानाला हात लावायचे. "मोजू नये. मोजलं की घटतंय. समद्यांची तोंडं बघितली, झालं."

शिफ्टची बस आमच्या रांगेतले चाचा चालवायचे. चाचा सिल्लोडचे. सकाळी माणसं उतरवली की त्यांची बस रिकामी शहराकडं जायची. मालक आम्हाला तिच्यात भरायचे. कधी दौलताबाद, कधी पैठणचं धरण, कधी शहरातल्या बागेतले प्राणी. बागेतला वाघ कायम झोपलेला. बाकीची लेकरं जाळीवर खडे मारायची, "उठ, उठ" करायची. मालक पिंजऱ्यासमोर आले, वाघाकडं बघितलं आणि हळूच म्हणले, "थर्ड शिफ्ट केलीय त्यानं."

झालं. आमची अख्खी टोळी पायाच्या बोटांवर. शहरातली दोन पोरं आरडत आली तर आमच्या पिंकीनं त्यांना तोंडावर बोट ठेवून दटावलं, "शूऽऽ! थर्ड शिफ्टचाय!" पिंकी म्हणजे पलीकडच्या रूममधली. तिचे पप्पाबी थर्ड शिफ्टलाच. वाघाबद्दल तिला आपल्या माणसासारखं वाटलं असणार.

पण बस रोज मिळायची नाय. बाकीच्या दिवशी मालकांनी समुद्र काढला.

मालकांचं एक ना एक बांधकाम कायम चालू असायचं, म्हणून रांगेच्या मागं वाळूचा ढीगबी कायम असायचा. मालक म्हणले, "आपल्या गावाचं नावच वाळूज. वाळू हायच. निस्तं पाणी आलं की समुद्र." पाण्याचाबी बंदोबस्त केला. सिमेंट झाकायची निळी ताडपत्री आणली, चार पोरं ह्या टोकाला, चार त्या टोकाला. हलवली की लाट. खाली बसून ल्हान पोरं भिजल्यासारखी करायची. आमच्या बोअरचं पाणी खारट होतं. मालकांनी ते तांब्यात आणून एकेकाला चाखायला लावलं. "बघा. बोअर मारली तवा खाली समुद्रच लागला."

समुद्राचे नियम होते. चपला काढायच्या. निघताना वाळू झटकायची. "समुद्र घरी न्यायचा नाय. झट..." 'का' पोटात. वाळू बांधकामाची होती हे कळायला मला लई वर्षं लागली. आणि सगळ्यात मोठा नियम, समुद्रावर हळू बोलायचं.

"का?" पिंकीनं विचारलं.

"मासे झोपलेत."

"दिवसा?"

"मग? ते काय आपल्यावाणी हायत का?"

ढिगाच्या मागच्या भिंतीपलीकडं आमचे सगळ्यांचे बाप घोरायचे. आम्ही वाळूवर बसून कुजबुजत खेकडे पकडायचो, कुजबुजत बुडायचो, कुजबुजत एकमेकांना वाचवायचो. मी तर कुजबुजत मेलोय कितीतरी वेळा.

एकदा पिंकीनंच विचारलं, "मालक, तुम्ही खरा समुद्र बघितलाय?"

मालकांनी हेल्मेट नीट केलं. "बघितलाय म्हंजी? माझ्या ओळखीचा हाय."

तिथून ते वाक्य पडलं. समुद्र किती मोठा, किती खोल, रागावतो का, काय खातो, सगळं मालक सांगायचे, कारण तो त्यांच्या ओळखीचा. शाळेत बाईंनी समुद्राचं चित्र काढायला सांगितलं तर आमच्या रांगेतल्या सगळ्या पोरांनी कडेला पिवळ्या हेल्मेटचा माणूस काढला. बाई म्हणल्या, हा कोण? पिंकी म्हणली, "समुद्राच्या ओळखीचा."

आता ह्यात मी काय केलं ते सांगतो.

त्या मे महिन्यात कंपनीचा शटडाऊन होता. मशिनी दुरुस्तीला, सगळ्या बापांना एकदम सुट्टी. संध्याकाळी लाईट गेलेली, माणसं दारात बसलेली. मी पाण्याच्या टाकीमागं दोन पोरांना मालकांचा आवाज काढून दाखवत होतो. रंगात आलो आणि जरा मोठ्यानं गेला. "ऐका होऽऽ, ह्या शटडाऊनला समद्यांनी समुद्रावर चलायचं! मालकाचा हुकू..."

एकदम गलका झाला. "खरंच का मालक?" "कवा निघायचं?" अंधारात चाचांचा आवाज, "बस की फिकर नक्को करो मालक, मैं बात करता सेठ से!" आई म्हणली, "मी दशम्या करते." आणि तेवढ्यात खरे मालक रॉकेलचा कंदील घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून आले.

सगळे टाकीकडं बघायला लागले, मग मालकांकडं. मी टाकीमागं टाकीसारखाच थंड. मालकांना 'नाय' म्हणायचं असतं तर ती वेळ होती. पण पिंकी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. "खरंच ना मालक? तुमच्या ओळखीचा समुद्र?"

"मग?" मालक म्हणले. "मी काय खोटं बोलतो का?"

आमची आणि मालकांची भिंत एकच. जेवताना पलीकडून काकूंचा आवाज आला. काकू म्हणजे मालकीणबाई. "आवं, तुम्ही समुद्र बघितला कवा? पैठणच्या पुढं पाणी बघितलं नाय तुम्ही."

"हळू बोल. भिंती पातळ हायत. मीच बांधल्यात."

"मग सांगून टाका की लेकरांना."

मग मालक म्हणले, "इतकी वर्सं त्या समुद्राच्या नावावर गप बसली लेकरं. आता म्हणू व्हय, की तो नव्हताच? खोट्यासाठी गप बसला म्हणून?"

मला नेमका ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला ढिगापाशी गाठलं. "काल माझा आवाज काढलास."

"व्हय."

"आता काढ."

मी काढला. त्यांनी मान वाकडी करून ऐकला. "नाकात जरा कमी कर." मग इकडंतिकडं बघून, "भिंतीला कान असत्यात म्हणत्यात. माझ्या भिंतीला ठसका लागतोय."

"मी कायच ऐकलं नाय, मालक."

"शाणा हायस. मग एक काम कर. भूगोलाच्या पुस्तकात समुद्राचं काय लिवलंय ते वाचून दाखव. मला म्हाईतच हाय. पर त्या पुस्तकवाल्याला म्हाईत हाय का, ते बघायचंय."

मी वाचून दाखवलं. समुद्रावर एक अख्खा धडा होता, पण त्यातली निम्मी पानं परीक्षेला येत नाय म्हणून सरांनी सोडलेली, म्हणून मीबी सोडली. मालकांनी शेवटी एकच विचारलं, "तो चालू कुठून होतो? गेट असतंय का?" मी म्हणलं, गेटचं काय लिहिलं नाय.

तर निघालो. चाचांची शिफ्टची बस, समोर काचेत 'थर्ड शिफ्ट – वाळूज' ही पाटी तशीच. जायचं होतं रत्नागिरीला. बापलोक, बाया, लेकरं, दशम्या, ठेचा, पाण्याचे कॅन. माझा मामाबी होता. मामा आमच्याकडं राहून पोलीस भरतीची तयारी करायचा. रोज पहाटे एमआयडीसीच्या रस्त्यावर पळायचा, कच्ची अंडी प्यायचा. भरतीवाचून त्याला दुसरा शब्द म्हाईत नव्हता. हे ध्यानात ठेवा.

मालक चाचांच्या शेजारी केबिनमध्ये बसले ते डोळ्याला डोळा लावला नाय. उजाडलं, गाडी घाट उतरायला लागली, हिरवंगार, आंब्याची झाडं, लाल माती. मी पुढं गेलो तर मालक चाचांना म्हणत होते, "दिसला की मला आधी सांगा. लेकरांना नंतर."

"आप तो पैचानते ना, मालक?"

"वळखतो की. पर लई दिस झाले. वाळला असंल, सुटला असंल."

गावात शिरलो, बस किनाऱ्यापाशी लागली, आम्ही खिडकीतून उड्या मारल्या आणि बघतो तर समुद्र नाय.

म्हणजे होता. लई लांब एक चकाकती रेघ होती. आमच्यापासून त्या रेघेपर्यंत ओली वाळू, चिखल, मधी एक-दोन होड्या कलंडून पडलेल्या. आमच्या ढिगापेक्षा वाळू जास्त एवढंच. आमच्याकडं निदान ताडपत्री तरी होती.

सगळी लेकरं वळून मालकांकडं बघायला लागली. हेल्मेटखाली मालकांचं तोंड मी कधी तसं बघितलं नव्हतं. एवढ्या लांबून आणलं, आणि तो गेलेला.

पिंकी कुजबुजली, "मालक, कुठं गेला?"

मालक हेल्मेटचा पट्टा चाचपायला लागले.

शेजारी एक शहाळेवाला होता. त्याला आमच्याकडं बघून कीव आली असणार. नाकातून बोलला, "अहो, आत्ता आलात होय? आता नाही काही. भरती दुपारी आहे."

मामा बसच्या मागं तोंड धूत होता. तो तसाच ओल्या तोंडानं पळत आला. "भरती? दुपारी? कुठंय ग्राउंड?"

"हे काय, समोर."

मामानं त्या लांबच्या लांब ओल्या वाळूकडं बघितलं. "पळायला तर लई भारी हाय. हाईट किती लागते?"

"कधी कमी कधी जास्त. पुनवेला जास्त असते."

"पुनवेला हाईट जास्त?" मामा रडकुंडीला आला. "मी तर कागदपत्रंबी आणली नायत!"

शहाळेवाल्यानं कोयता खाली ठेवला. "अहो, पाण्याची भरती! आता ओहोटी आहे, पाणी मागे गेलंय. दुपारी परत वर येतं. रोज येतं."

आमचे पप्पा हसून हसून बसच्या टायरला टेकले. पण मालक हसले नायत. त्यांनी मला कोपरापाशी धरलं. "म्हंजी येतो नव्हं तो?"

"येतो म्हणायलेत."

"इथंच?"

"इथंच."

मालकांनी एक लांब श्वास सोडला, हेल्मेट सरळ केलं आणि लेकरांकडं वळले. "साहेब जेवायला गेलेत. दुपारी येत्यात." कचेरीत बापासोबत गेलेली लेकरं आमची. सगळ्यांना एकदम पटलं.

साहेब येईपर्यंत मालकांनी आम्हाला तिथल्या मत्स्यालयात मासे बघायला नेलं. काचेच्या पेट्या, आत लाल, निळे, पट्ट्यांचे मासे. आम्ही सवयीनं पायाच्या बोटांवर आत गेलो. आणि पिंकी एका पेटीपुढं थांबली ती हलेना. आतला मासा गरागरा फिरत होता. डोळे टक्क उघडे.

"मालक," ती म्हणली, "हा तर जागाय."

दुसऱ्या पेटीत बघितलं. तोबी जागा. सगळेच जागे. आणि दिवस चांगला वर आलेला. सगळी लेकरं परत मालकांकडं बघायला लागली. एका सकाळी दोनदा. आता मात्र मला वाटलं, गेले मालक.

मालक पेटीला नाक लावून उभे राहिले. माशानं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माशाकडं.

"हे फर्स्ट शिफ्टचे," ते म्हणले.

दुपारी दशम्या खाऊन परत किनाऱ्यावर आलो. मालकांनी आम्हाला कोरड्या वाळूत बसवलं, चपला काढायला लावल्या. मग स्वतः पुढं जाऊन उभे राहिले आणि समुद्राकडं तोंड करून दोन बोटं घातली आणि मारली शिट्टी. तीच, मेंढरं वळवायची. अजून एक मारली. शहाळेवाला बघतच राहिला.

आणि देवाशप्पथ, ती रेघ हलायला लागली. आधी वाटलं भास झाला. मग कलंडलेल्या होड्यांखाली पाणी शिरलं. मग एक होडी उठून बसली. पाणी वाळूवरून चाटत चाटत येत होतं, मागं सरत होतं, परत पुढं. मालक शिट्टी मारायचे आणि ते यायचं. धड्यातली भरतीची पानं आम्ही सोडली होती ते बरंच झालं. आमच्यापुढं एक धनगर अख्खा समुद्र वळवून आणत होता.

मी उठून त्यांच्या मागं गेलो, म्हणून मला ऐकू आलं. पाणी त्यांच्या पायापासून हातभर राहिलं तेव्हा मालकांनी हेल्मेट काढलं. ते मी पहिल्यांदाच बघितलं. खाली पांढरे, चपटे बसलेले केस. दोन्ही हात जोडले आणि एकदम हळू म्हणले, "राम राम. वाळूजवरून आलोय. लेकरांना म्हणलोय, तुम्ही ओळखीचे हायत. तेवढी ओळख दाखवा."

लाट आली ती गुडघ्यापर्यंत. धोतर भिजलं, मालक दोन पावलं मागं आले, आणि माझ्याकडं वळून म्हणले, "दाखवली बरं का."

मग लेकरं सोडली. पाण्यात उतरलो, पडलो, बुचकळलो, नाकातोंडात गेलं, बोअरपेक्षा खारट निघालं. खेकडे बघितले, जिवंत, तिरके पळणारे. आणि सगळं कुजबुजत. शेजारी पुण्याकडची कुणी बाई आपल्या मुलांना घेऊन आलेली. तिची दोन पोरं कानठळ्या बसतील अशी किंचाळत होती आणि आमची एवढी पलटण गप. तिनं माझ्या आईला हळूच विचारलं, "या मुलांना बोलता येत नाही का हो?"

आई म्हणली, "येतंय की. थर्ड शिफ्टची हायत."

आमचे बाप पॅन्ट वर गुंडाळून कडेला उभे होते. दुपारच्या उन्हात पप्पांना जागं बघायची सवयच नव्हती मला. दाढी वाढलेली, डोळे बारीक केलेले, दुसऱ्याच कुणाचे पप्पा वाटत होते.

लाटा मोठ्या व्हायला लागल्या. धडाडधूम आवाज. पिंकी पाण्यातून पळत मालकांकडं आली, काळजीनं कुजबुजली, "मालक, हा लई मोठ्यानं वरडायलाय. तुमचं ऐकतो ना? त्याला सांगा, मासे उठतील."

मालकांनी तिच्याकडं बघितलं. मग लाटेत गप उभ्या असलेल्या सगळ्या लेकरांकडं. मग कडेच्या बापांकडं. मग हात वर करून ओरडायला गेले, तर आवाजच निघंना. समुद्रापुढं त्यांचा आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेली अक्षत. परत प्रयत्न केला, खोकला आला. मग मला जवळ ओढलं.

"माझ्या आवाजात सांग त्यांना."

"काय सांगू?"

त्यांनी माझ्या कानात सांगितलं.

मी गालात सुपारी धरली. छातीतून उचलला, नाकात जरा कमी केला, आणि सोडला. "ए कोकरांनोऽऽ! वरडाऽऽ! इथं कुणाचा बाप झोपलेला नाऽऽय!" पहिल्यांदा शेवटचं अक्षर गिळलं नाय.

लेकरं वळली. मालकांकडं नाय, आपापल्या बापाकडं. बाप एकमेकांकडं बघायला लागले. कुणाला काय करावं कळंना. पप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे व्हय, वरड.

आणि पिंकी. तिचे पप्पा तिच्यापासून दोन पावलांवर, डोळे उघडे, हात कमरेवर. तिनं छाती भरून घेतली, मुठी आवळल्या आणि जन्मात कधी म्हणता आलं नव्हतं ते त्यांच्या तोंडावर म्हणली,

"पप्पाऽऽ! उठाऽऽ!"

मग काय विचारता. "पप्पा उठाऽऽ! पप्पा उठाऽऽ!" अख्खी पलटण. चेंडू आपटून खाल्लेल्या सगळ्या शिव्यांचा हिशेब निघाला. पुण्याची पोरं गप होऊन बघायला लागली. पिंकीचे पप्पा "उठलो गं, उठलो!" करत कपड्यांसकट पाण्यात आले, मागून माझे पप्पा, मागून चाचा "या अल्लाऽऽ" करत. मामा ओरडला, "भरती आली रेऽऽ!" काकू पदर तोंडाला लावून कडेला हसत होत्या. मालक हेल्मेट पोटाशी धरून उभे होते, त्यात पाणी भरलेलं, त्यांना कळलंच नव्हतं.

निघताना सगळ्या लेकरांनी किनाऱ्यावर रांगेत उभं राहून एकेक पाय झटकला, वाळूचा कण घरी जाऊ नये म्हणून. शहाळेवाला म्हणला, "घ्या की हो थोडी, कुणी काही म्हणणार नाही." पिंकी बसलेल्या घशानं म्हणली, "समुद्र घरी न्यायचा नसतो."

परतीच्या वाटेवर ती मालकांच्या मांडीवर आडवी झाली होती. मध्येच डोळे उघडले. "मालक, बर्फाचा डोंगर असतोय ना, हिमालय? तो कसाय?"

चाचांनी आरशातून बघितलं. मीबी बघितलं.

"तो व्हय?" मालक म्हणले. "माझ्या ओळखीचा हाय."

वाळूजला पोचलो. शटडाऊन संपला, पप्पा पुन्हा रातपाळीला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी रूममध्ये पप्पा घोरत होते, ढिगावर लेकरं ताडपत्री हलवत होती, आवाज न करता. मी भिंतीला टेकून भूगोलाचं पुस्तक चाळत होतो, हिमालय कुठल्या पानावर आहे ते बघत. पलीकडून काकूंचा आवाज आला.

"आवं, हिमालय? तुम्ही तर म्हैसमाळचा डोंगर चढला नाय कवा!"

"हळू बोल," मालक म्हणले. "मासे झोपलेत."